स्ट्रॅटेजी आरपीजी

व्यूहरचनेच्या (स्ट्रॅटेजी) व्हिडिओ गेमचा एक प्रकार. आरपीजी म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’, एखादी भूमिका घेऊन खेळायचा खेळ. यात पटावरची सोंगटी नावागावाची व्यक्ती असते, एका लढाईत मिळवलेले पुढच्या लढाईत सोबत नेते आणि तिला कसे घडवायचे हे खेळाडू ठरवतो. जपानमध्ये याला ‘सिम्युलेशन आरपीजी’ म्हणतात, इंग्रजीत बहुधा ‘टॅक्टिकल आरपीजी’.

निव्वळ स्ट्रॅटेजी आणि स्ट्रॅटेजी आरपीजी यांतला फरक समजायला अलिबागचा कुलाबा किल्ला बरा. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. समजा, या प्रसंगावर कुणी गेम केला. वारा पडला की वल्ह्यांच्या गलबतांनी जड गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) ओढायच्या, ओहोटीला किल्ल्यापर्यंत पायवाट उघडी पडते म्हणून जमिनीकडची बाजू राखायची, दारूगोळा पुरवून वापरायचा. ही झाली निव्वळ स्ट्रॅटेजी. एक गलबत बुडाले तर दुसरे आणायचे, दोन्ही सारखीच. आता त्यातल्या एका गलबताच्या तांडेलाला नाव द्या. १७१८च्या खांदेरीच्या लढाईत तो वाऱ्याचा रोख ओळखायला शिकला, खांद्यावर जखम घेऊन आला, आणि तोच आता कुलाब्याला उभा आहे. त्याला पुढच्या फळीत धाडताना खेळाडूचा हात क्षणभर अडखळला, तर तो गेम आरपीजीकडे झुकला.

मात्र नाव असणे पुरेसे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. हातात रामाचे पान आले म्हणून कुणी राम होत नाही. पान पडले की डाव पुढे सरकतो. त्याच सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते. कथा पुराणातली, शेवट सगळ्या गावाला पाठ, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते आयत्या वेळी रचतो. अवतार तेच, पण एका ठिकाणी पान आणि दुसऱ्या ठिकाणी भूमिका. आरपीजीतील ‘रोल’ हा दुसऱ्या जातीचा.

आकडे वाढणे हीदेखील खात्रीची खूण नव्हे, जरी बरेच खेळाडू ‘लेव्हल आहे म्हणजे आरपीजी’ असे म्हणून मोकळे होतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये (१९९९) लोहाराकडे केलेली सुधारणा त्या जातीच्या सगळ्या सैनिकांना एकदम लागू होते, वाढते ते सैन्य, माणूस नव्हे. ‘वॉरक्राफ्ट ३’मध्ये (२००२) वीराला दहा लेव्हल आणि सहा वस्तूंची झोळी असते. तरी त्याच्याभोवती खाणी, इमारती आणि बिननावाची फौज आहे, म्हणून त्याला स्ट्रॅटेजीच म्हणावे. ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ (२०१२) कुंपणावर बसतो. सैनिकांना नावे आहेत, बढत्या आहेत, मेलेला परत येत नाही. पण त्यांना स्वतःची गोष्ट नाही, ती खेळाडूच मनात रचतो.

वाद मिटत नाही, कारण दोन्ही घराणी एकाच कुळातली. ‘चेनमेल’ या टेबलावर खेळायच्या १९७१च्या युद्धखेळाच्या नियमांत एक बाहुली म्हणजे वीस सैनिक असा हिशेब होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने (१९७४) एका खेळाडूकडे एकच पात्र दिले, आणि आरपीजी जन्मली. स्ट्रॅटेजी आरपीजी म्हणजे माहेरी परत आलेली लेक.

संगणकाच्या पडद्यावर हा साचा रूढ केला तो प्रामुख्याने ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेने. तिचा पहिला गेम १९९० साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. लढाईत पडलेला सोबती कायमचा गेला, हा तिचा कडक नियम. २०१०च्या गेमपासून सौम्य पर्यायही मिळाला. ‘टॅक्टिक्स ओगर’मध्ये (१९९५) खेळाडूच्या निर्णयांनी कथेलाच फाटे फुटतात. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये (१९९७) पात्राने कोणता पेशा शिकायचा, हे आपल्या हाती असते.

उलट ‘क्रुसेडर किंग्ज २’ (२०१२) दुकानात स्ट्रॅटेजी म्हणून मांडला जातो, पण त्यातला राजा भित्रा, लोभी किंवा सुस्वभावी असू शकतो आणि तो मेला की त्याच्या वारसाच्या अंगात शिरून खेळावे लागते. आरपीजीची पाटी लावलेल्या कित्येक गेमपेक्षा यात भूमिका जास्त आहे.

पावसाळ्यात नेट गेल्यावरही चालेल असा नमुना हवा असेल, तर २००३पासूनचा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ मोफत मिळतो. त्यात बहुतेक शिपायांना नाव आणि स्वभावगुण असतात. नवा भालाईत १४ सोन्यात भरती होतो, मागच्या लढाईतला जुना परत बोलवायला २० लागतात. लोक २० मोजतात.