गेमच्या फाईलींचा बॅकअप : काय ठेवायचं, काय सोडायचं

गेम बॅकअप : कॉम्प्युटरवर गेम खेळताना ज्या फाईली तयार होतात त्यातल्या कुठल्या गेल्या तर परत मिळणार नाहीत हे ओळखून तेवढ्यांची वेगळी कॉपी करून ठेवायचं काम. बोलताना सगळे 'सेव्ह काढून ठेव' एवढंच म्हणतात, पण सेव्ह, म्हणजे खेळ कुठपर्यंत आला त्याची नोंद, हा त्यातला एक भाग झाला, स्वतः बनवलेले मॅप, कंट्रोलची सेटिंग, मॉड म्हणजे गेममध्ये वरून घातलेले बदल, रिप्ले म्हणजे खेळलेल्या डावाचं रेकॉर्डिंग, स्क्रीनशॉट हे सगळं त्यातच येतं. डहाणूपासून रेडीपर्यंतच्या कोकणपट्टीत हा विषय जरा जास्तच महत्त्वाचा, कारण इथे लाईट, पाणी आणि नेट यातलं एकही आपल्या हातात नसतं.

सेव्हचा उगम

खेळ अर्धवट सोडून नंतर तिथूनच पुढे चालू करायची सोय सगळ्यात आधी कुठल्या गेमने दिली यावर एकमत नाही, आणि खरा वाद सेव्ह म्हणायचं कशाला यावरून आहे. अमेरिकेत प्लेटो नावाची शिक्षणासाठीची कॉम्प्युटर सिस्टीम होती, तिच्यावर १९७५ च्या सुमारास भुयारात फिरायचे गेम निघाले आणि त्यात खेळणाऱ्याचं पात्र सिस्टीमवरच जपून ठेवलं जायचं, म्हणून काहीजण पहिला मान तिकडे देतात. दुसरे म्हणतात की नुसतं पात्र ठेवणं वेगळं आणि खेळाची सगळी परिस्थिती जशी आहे तशी गोठवणं वेगळं, आणि ते विल क्राउदर यांनी सुरू केलेल्या नि डॉन वुड्स यांनी १९७७ च्या आसपास वाढवलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' या शब्दांच्या गेमपासून धरावं. १९८० मध्ये घरगुती कॉम्प्युटरवर आलेल्या 'झॉर्क'मध्ये सेव्ह आणि रिस्टोर अशा दोन सरळ कमांड होत्या आणि सेव्ह फ्लॉपीवर जायची. बॅकअपच्या बाजूने बघितलं तर झॉर्कपासून धरणं जास्त पटतं, कारण तोपर्यंत सेव्ह मोठ्या संस्थेच्या मशीनवर असायची, इथे ती खेळणाऱ्याच्या हातात आली आणि त्याला स्वतः दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी करता आली.

टीव्हीला जोडायच्या गेममध्ये बराच काळ पासवर्ड होते, वहीत लिहून ठेवलं की झालं, म्हणजे वही हाच बॅकअप. 'झेल्डा' जपानमध्ये १९८६ ला डिस्कवर आला आणि १९८७ ला अमेरिकेत कॅसेटच्या आत छोटी बॅटरी घालून आला, त्या बॅटरीवर सेव्ह जिवंत राहायची, बॅटरी संपली की सेव्हही संपली. पॉवर बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरा अशी सूचना त्यात होती, नाहीतर सेव्ह खराब व्हायची भीती. सेव्ह होत असताना लाईट गेली की फाईल बिघडते हा आपला नेहमीचा त्रास तेवढा जुना आहे. आपल्याकडे जे ८ बिटवाले व्हिडिओ गेम घरोघरी आले त्यांच्या एका कॅसेटीत शेकडो गेमवाल्या कॅसेटींना बहुतेक बॅटरी नसायचीच, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना सेव्ह ही गोष्ट पहिल्यांदा भेटली ती कॉम्प्युटरवर.

गेम डी मध्ये, सेव्ह सी मध्ये

बहुतेक नुकसान इथेच होतं. आपल्याकडे गेम डी ड्राईव्हमध्ये टाकायची पद्धत आहे, म्हणजे विंडोज मारलं तरी गेम राहते. विंडोज टाकणारा माणूसही सी मधलं काही हवंय का एवढंच विचारतो आणि आपण सांगतो की नको, सगळं डी मध्ये आहे. पण २००३ मध्ये पीसीवर आलेली 'जीटीए व्हाईस सिटी' कुठेही टाकली तरी तिच्या आठही सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या 'जीटीए व्हाईस सिटी युजर फाईल्स' या फोल्डरमध्ये जातात, 'सॅन अँड्रियास'चं तसंच, २००५ च्या 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड'ची प्रोफाईलही डॉक्युमेंट्समध्येच. डॉक्युमेंट्स सी मध्ये. फॉरमॅट मारल्यावर गेम चालू होते नि पहिल्या मिशनपासून चालू होते.

याच्या उलट जुने गेम. १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २' स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेव्ह आणि सिनॅरिओ, म्हणजे आपण बनवलेले मॅप, ठेवायचा, तो डी मध्ये असला तर सगळं वाचतं. पण असा गेम सी मधल्या प्रोग्राम फाईल्समध्ये टाकला असेल तर २००७ च्या व्हिस्टा या व्हर्जनपासून विंडोज तिथे परवानगीशिवाय लिहू देत नाही, ती फाईल गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये वळवते, गेमला वाटतं आपण आपल्याच घरात लिहिलं आणि माणूस गेमचं फोल्डर कॉपी करून निर्धास्त होतो. व्हिस्टामध्येच 'सेव्हड गेम्स' असं खास फोल्डर आलं पण गेम बनवणाऱ्यांनी ते सरसकट वापरलं नाही, त्यामुळे आज काही सेव्ह तिथे, काही 'माय गेम्स'मध्ये, काही 'अ‍ॅपडेटा'च्या लोकल, लोकल-लो आणि रोमिंग या तीन कप्प्यांत. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेले पुष्कळ गेम लोकल-लो मध्ये लिहितात आणि त्यांची काही सेटिंग तर फाईलमध्ये नसतेच, रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या नोंदवहीत असते. हे सगळं स्वतः शोधत बसण्यापेक्षा 'पीसीगेमिंगविकी' या वेबसाईटवर गेमचं नाव टाकून जागा बघावी, ती माहिती वापरून 'लुडुसावी' हे फुकट सॉफ्टवेअर सेव्ह आपोआप गोळा करतं.

स्टीम या गेम विकत घ्यायच्या नि उतरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमचा बॅकअप घ्यायची सोय आहे तिचाही असाच गैरसमज होतो, ती गेम बांधून ठेवते, सेव्ह नि मॉड नाही.

निवड

याबद्दल साधारण तीन मतं दिसतात. एक, सगळं फोल्डर उचला, डोकं चालवू नका. दोन, फक्त सेव्ह ठेवा, बाकी सगळं परत डाउनलोड होतं. तिसरं मत असं की फाईल कोणी बनवली ते बघा, कंपनीने बनवलेली परत मिळते, आपण बनवलेली मिळत नाही. तिसरं जास्त टिकाऊ वाटतं, आणि त्याचं चांगलं उदाहरण 'माइनक्राफ्ट', ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम. त्यातल्या जगाचा सीड म्हणजे ज्यावरून ते जग तयार होतं तो एक आकडा, तो वहीत लिहून ठेवला तरी डोंगर, नदी, समुद्र परत तसेच उभे राहतात, पण त्यावर सहा महिने खपून बांधलेलं कौलारू घर आणि मागचा माड काही परत येत नाही, ते जगाच्या फोल्डरमधल्या रीजन फाईलींत असतं. सीडसोबत गेमची व्हर्जनही लिहून ठेवावी लागते कारण जमीन बनवायची रीत बदलत गेली, २०२१ च्या १.१८ मध्ये तर फारच. कॉपी करताना गेम बंद करायची, चालू असताना उचललेलं जग अर्धवट येऊ शकतं.

सेटिंगच्या फाईलीला पुष्कळजण किंमत देत नाहीत, पण 'काउंटर स्ट्राईक'ची कॉन्फिग दोन-चार केबीची असते आणि हाताला बसलेली माऊसची सेन्सिटिव्हिटी परत जुळवायला आठवडा जातो, तेव्हा ठेवावी. ग्राफिक्सची सेटिंग सोडली तरी चालते, नव्या मशीनवर ती नाहीतरी बदलायचीच. शेडर कॅश (ग्राफिक्ससाठी गेम आपोआप परत बनवतो त्या फाईली), लॉग, क्रॅश रिपोर्ट याच्यावर एक एमबीही घालवू नये.

क्लाउड सेव्ह, म्हणजे सेव्ह नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जाणं, स्टीमवर २००८ पासून आहे, हा बॅकअप नव्हे. तो जे इथे झालं तेच तिथे करतो, बिघडलेली फाईलही चढवतो, शिवाय प्रत्येक गेमला ती सोय नसते. पूर्ण ऑनलाईन गेमची प्रगती सर्व्हरवर असते, आपल्याकडे ठेवण्यासारखं काही नसतं. ब्राउझरमध्ये चालणारे फ्लॅशचे गेम ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झाल्यावर थांबले, त्यांच्या सेव्ह एसओएल नावाच्या बारीक फाईलींत असायच्या.

कोकणात

वरचा 'परत डाउनलोड होतं' हा नियम इथे अर्धाच लागू होतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर १०० जीबीचा गेम उतरायला दोन महिन्यांवर दिवस लागतात, त्यामुळे गेमच्या फाईली कंपनीच्या असल्या तरी इथे त्या ठेवण्यासारख्या होतात, सेव्ह आधी आणि जागा उरली तर हे. व्हाईस सिटीची एक सेव्ह साधारण २०० केबी, म्हणजे जुन्यात जुन्या पेनड्राईव्हवरही मावते. मोठ्या गेमसाठी पेनड्राईव्ह एफएटी-३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल जात नाही, ड्राईव्ह खराब नसतो, तो एक्सफॅट करून घ्यायचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत बरेच दिवस लाईट नव्हती, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात पूर आला. सीपीयू टेबलाखाली जमिनीवर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात, असं असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरच्या नावावर सांगतात, आणि दुसरी जागा कोकणात शोधावी लागत नाही, मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला येतो तो जाताना ड्राईव्ह घेऊन जाऊ शकतो.

दमट खारी हवा हा वेगळा शत्रू. पेनड्राईव्हच्या टोकाला गंज चढतो, सीडीवर बुरशी येते, २००१ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी बेलीझहून आलेल्या एका सीडीत तर बुरशी आतला थर खाताना पाहिली. जुन्या गेमच्या सीडी असतील तर त्या पावसाळ्याआधी हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात, ड्राईव्ह सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा माळ्यावर. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्याला, तो जोडून एखादी सेव्ह गेममध्ये खरोखर उघडून बघायची, नुसती फाईल दिसते म्हणून ती उघडेल असं नाही, लाईट गेल्यावर राहिलेली शून्य केबीची फाईल पण यादीत दिसतेच.