आधी प्रीती, मग आज्ञा

‘आपण प्रीती करतो, कारण पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली.’ योहानाच्या पहिल्या पत्रातले हे वचन (4:19) कित्येक विश्वासणाऱ्यांना पाठ असते. त्यातला क्रम मात्र मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात पुन्हा पुन्हा उलटा झाला. देवाने प्रीती करावी म्हणून चांगले वागायचे, की त्याने ती आधीच केली म्हणून?

खरे तर जुना करारही याबाबत स्पष्ट आहे. निर्गम 20 मध्ये दहा आज्ञा देण्याआधी देव मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून केलेल्या सुटकेची आठवण देतो. सुटका आधी, नियम नंतर. पुढे येशूने अनुवाद 6:5 मधली देवावरच्या प्रीतीची आणि लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा एकत्र आणली.

सुरुवातीच्या मंडळ्यांनी ती अक्षरशः पाळायचा प्रयत्न केला. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की रविवारी जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी वापरले जाई. चौथ्या शतकात रोमन सम्राट जुलियनने तर तक्रारच केली, की हे ‘गालीली’ (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. तो ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक होता, म्हणून त्याची साक्ष मला जास्त वजनदार वाटते.

त्याच शतकात छळ थांबला, ख्रिस्ती होणे सोपे झाले आणि अधिक उत्कट जीवन जगू पाहणारे अनेक जण वाळवंटात गेले. पूर्ण समर्पण मठातच शक्य, संसारी माणसाचे जरा कमी प्रतीचे, हा समज यातून रुजला. त्याचा सगळा दोष मठांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीत कोठार सांभाळणाऱ्याला सांगितले आहे की मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये मांडले, की सत्कर्मे ही तारणाची किंमत नव्हेत. विश्वासाने नीतिमान ठरलेला माणूस ती मोकळेपणाने शेजाऱ्यासाठी करतो. तरी त्याच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत (प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेत) दहा आज्ञा आरंभीच येतात. रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट परंपरेच्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने रचनाच बदलली. तिचे तीन भाग म्हणजे माणसाची दुर्दशा, सुटका आणि कृतज्ञता. नियमशास्त्राचे सार पहिल्या भागात पापाची ओळख पटवायला येते, पण दहा आज्ञांचे सविस्तर विवेचन कृतज्ञतेच्या भागात आहे. प्रार्थनाही तिथेच, आणि तिला कृतज्ञतेचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हटले आहे. रोजच्या आज्ञापालनाला उपकारस्तुतीचे रूप देणारी इतकी नेटकी मांडणी क्वचितच सापडते.

कॅथलिक परंपरेतही हा धागा होताच. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स हा साधा मठवासी स्वयंपाकघरात राबताना देवाच्या सान्निध्याचा सराव करी. पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे, फक्त धर्मगुरूंना आणि मठवासीयांना नाही, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये अधिकृतपणे सांगितले.

1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव केवळ कृपेने स्वीकारतो, सत्कर्मे त्यामागून फळासारखी येतात. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने 2006 मध्ये त्याला मान्यता दिली. हायडेलबर्गचा वारसा सांगणाऱ्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाची संमती यायला मात्र 2017 उजाडले.