पायोनियर म्युझियम, फ्रेडरिक्सबर्ग

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, फ्रेडरिक्सबर्ग या गावी असलेले स्थानिक इतिहासाचे संग्रहालय. एकोणिसाव्या शतकात येथे येऊन वसलेल्या जर्मन कुटुंबांची राहणी हा त्याचा विषय. गाव ऑस्टिनच्या पश्चिमेला सुमारे १२५ किमी. अंतरावर, चुनखडीच्या टेकड्यांच्या मुलखात आहे. गिलेस्पी काउंटी हिस्टॉरिकल सोसायटी ही गावातलीच संस्था संग्रहालय चालवते. काचेच्या कपाटांपेक्षा येथे घरेच पाहायची असतात : मेन स्ट्रीटला लागून असलेल्या आवारात जुनी राहती घरे, लाकडी ओंडक्यांची खोपी, मांस धुरावण्याची खोली, एकखोली शाळा असे सगळे उभे आहे. काही वास्तू मूळ जागीच आहेत, काही आसपासच्या भागातून उचलून आणलेल्या आहेत. आवार फिरायला दोन तास पुरतात. घाई करणाऱ्याला अर्धा तासही पुरेल, पण मग त्याच्या हाती फक्त जुनी भांडीकुंडी लागतील.

पार्श्वभूमी थोडी माहीत असली तर घरे बोलू लागतात. १८४२ साली काही जर्मन उमरावांनी ऱ्हाइनकाठच्या बीब्रिख येथे एकत्र येऊन टेक्सासात वसाहत करण्यासाठी एक मंडळ काढले. ‘आडेल्सफेराइन’, म्हणजे उमरावांचे मंडळ, या नावाने ते ओळखले जाते. विवाहित पुरुषाला ३२० एकर आणि अविवाहिताला १६० एकर जमीन देऊ, असा त्यांचा वायदा होता. मंडळाने हक्क घेतलेली जमीन ल्यानो नदीपलीकडे, कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलखात होती आणि ती घेणाऱ्यांनी आधी पाहिलेलीही नव्हती. उमरावी कारभाराचा हा नमुना पुढे लोकांच्या जिवावर बेतला. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले, गाड्या आणि बैल सैन्याने भाड्याने घेतले, आणि जहाजांतून उतरलेली कुटुंबे किनाऱ्यावरच अडकून पडली. तंबूंत आणि मातीच्या खोपटांत रोगराई पसरली. शेकडो माणसे पुढचा प्रवास न करताच दगावली.

जे आत पोचले त्यांतल्या सुमारे १२० जणांची पहिली तुकडी ८ मे १८४६ रोजी आजच्या गावाच्या जागी उतरली. मंडळाचा प्रतिनिधी जॉन मॉइझेबाख याने प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिकचे नाव गावाला दिले. स्वतः तो जन्माने बॅरन होता; टेक्सासात आल्यावर त्याने ती पदवी टाकून दिली. प्रत्येक वसाहतदाराला गावात घरासाठी एक जागा आणि जवळपास दहा एकर शेत मिळाले. संग्रहालयातले सर्वांत छोटे घर समजायला हाच तपशील उपयोगी पडतो.

आवारातले सर्वांत जुने घर १८४९ सालचे काम्ला घर. त्याचा पुढचा भाग ‘फाखवेर्क’ पद्धतीचा आहे : ओकच्या उभ्या-आडव्या आणि तिरक्या तुळयांचा सांगाडा उभा करायचा आणि मधले गाळे भरून काढायचे. जर्मनीत हे गाळे कुडामातीने किंवा विटांनी भरत. येथे पायाखाली चुनखडीचा दगड भरपूर, म्हणून तोच भरला. रीत गावाकडची, दगड परका, अशी ही भिंत आहे. पुढे ऐपत वाढली तशा मागच्या बाजूला खोल्या वाढत गेल्या; त्यामुळे पुढून मागे चालत गेले की कुटुंबाची बरकत पावलापावलाने दिसते. काही काळ या घरात दुकानही होते. १९५५ मध्ये सोसायटीने ते विकत घेतले.

वेबर संडे हाउस मात्र इतके लहान आहे की पाहणाऱ्याला वाटावे, ही कोठीची खोली असेल. ‘संडे हाउस’ म्हणजे रविवारचे घर. ही या भागाची खासियत आहे. दहा एकरांत भागेना तेव्हा कुटुंबे दूरच्या मोठ्या शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर राहायला गेली. गावाशी संबंध उरला तो बाजाराचा आणि चर्चचा. शनिवारी गाडी जुंपून यायचे, माल विकायचा, मीठमिरची घ्यायची, संध्याकाळी ओळखीपाळखीच्यांत बसायचे, रविवारी चर्चला जायचे आणि परत फिरायचे. वाटेत तासन्‌तास जात, तेव्हा रात्रीच्या मुक्कामाला गावात एक खोली हवीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला अशी घरे बरीच बांधली गेली; वेबर घर १९०४ सालचे. रचना साधी : खाली एक खोली, मागे उतरत्या छपराचे स्वयंपाकघर, वर पोटमाळा. पोटमाळ्याचा जिना बहुधा घराबाहेरून असे. आत जिना घातला असता तर एकुलत्या एक खोलीचा कोपरा गेला असता. वर मुले झोपत.

घर आठवड्यातून दीड दिवसाचे असले तरी त्याचे उपयोग वाढत गेले. मुलांना धर्मशिक्षणासाठी गावात ठेवायचे झाले, कोणी आजारी पडले, बाळंतपण जवळ आले, की याच खोलीत मुक्काम. म्हातारपणी शेत मुलाच्या हवाली करून नवरा-बायको कायमची इथेच येऊन राहत. मोटारी आल्या, रस्ते सुधारले आणि शेतावरून सकाळी निघून रात्री घरी परतणे जमू लागले, तेव्हा नवी संडे हाउसे बांधायची गरज संपली.

शाळेच्या खोलीत भाषेचा प्रश्न समोर येतो. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी हवा पेटली आणि १९१८ मध्ये टेक्सासने सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवण्याचा कायदा केला. घरांत मात्र टेक्सासी जर्मन बरीच वर्षे टिकली. तिच्यात स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याला ‘श्टिंककात्से’, म्हणजे घाण मांजर, म्हणतात. जर्मनीत नसलेल्या प्राण्याला घरच्या शब्दांनी दिलेले हे नाव. आज ही बोली बोलणारे बहुतेक वृद्ध आहेत.

आवाराबाहेर, बाजारचौकात याच संस्थेच्या देखरेखीखाली फेराइन्सकिर्शे ही अष्टकोनी इमारत आहे. १८४७ मधली मूळ इमारत चर्च, शाळा आणि सभागृह अशी सगळ्यांचीच होती. आकारावरून लोक तिला ‘कॉफीची चक्की’ म्हणत. गावाच्या पन्नाशीनंतर ती पाडली गेली. सध्याची आहे ती १९३० च्या दशकातली प्रतिकृती.

गावात मोठ्या प्रेमाने सांगितली जाणारी कथा ईस्टरच्या शेकोट्यांची. मॉइझेबाख कोमांचींशी बोलणी करायला गेला असता टेकड्यांवर त्यांच्या शेकोट्या दिसल्या. घाबरलेल्या मुलांना आईने सांगितले, ईस्टरला मुलांसाठी रंगीत अंडी आणणारा ससा ती अंडी रंगवायला कढया चढवतोय. कथा गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. सान साबा नदीकाठची बोलणी १ आणि २ मार्च १८४७ रोजी झाली. त्या वर्षीचा ईस्टर ४ एप्रिलला होता. शिवाय ईस्टरला डोंगरावर जाळ करणे ही वायव्य जर्मनीतली जुनी रीत आहे. तह मात्र खराच झाला. ९ मे १८४७ रोजी फ्रेडरिक्सबर्गमध्ये त्यावर सह्या झाल्या, त्यात कोमांचींना ३,००० डॉलर किमतीच्या भेटी द्यायच्या ठरल्या, आणि तो मोडला गेला नाही असे टेक्सासात अभिमानाने सांगतात. तरी पुढच्या तीस वर्षांत कोमांचींना हा मुलूख सोडून राखीव क्षेत्रात जावेच लागले, हेही त्या अभिमानाशेजारी लिहायला हवे.

वसाहतीतले सगळे जर्मन एका बाजूचे नव्हते, हे घरे पाहून कळत नाही. आडेल्सफेराइनच्या मालकीच्या नासाउ मळ्यावर गुलाम राबत होते. उलट गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात टेक्सास फुटीर दक्षिणेकडे असतानाही टेकड्यांतल्या बऱ्याच जर्मनांनी संघराज्याची, म्हणजे उत्तरेची, बाजू घेतली. मेक्सिकोकडे निघालेल्या अशा एका गटावर १० ऑगस्ट १८६२ रोजी न्यूएसेस नदीकाठी हल्ला झाला. त्यात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्यांचे स्मारक जवळच्या कम्फर्ट गावात १८६६ पासून उभे आहे. त्यावरचे शब्द जर्मन आहेत : ‘ट्रॉये डेर ऊनिओन’, संघराज्याशी निष्ठा.

गावात उरलेली कित्येक संडे हाउसे आता पर्यटकांना मुक्कामासाठी भाड्याने दिली जातात. शनिवार-रविवारी त्यांना सर्वांत जास्त मागणी असते.