गादी आणि ऑर्थोटिक: बुटात जागा एकच, पायात काम वेगळं

बुटातली मूळ गादी काढली की त्या जागी दोन वेगळ्या वस्तू बसू शकतात. एक म्हणजे मऊ गादी: फोमची, जेलची किंवा रबराची. दुसरी म्हणजे ऑर्थोटिक: टाच आणि पावलाची कमान ठरावीक कोनात धरणारा, भाराखाली आकार न सोडणारा आधार. दुकानात दोन्हींना 'इनसोल' किंवा नुसतं 'सोल' म्हणतात, आणि खोक्यावर पुष्कळदा दोन्हींवर 'ऑर्थोपेडिक' छापलेलं असतं. बडोद्यात कमाटीबागेत पहाटे पळणाऱ्या कुणाची नडगी किंवा टाच दुखू लागली की पहिला सल्ला येतो, "बुटात सोल टाक." कुठला, हे कुणी सांगत नाही. पोटरी आणि नडगीच्या स्नायूंना मात्र सगळा फरक त्यानेच पडतो.

दोन्ही हातात घेतल्या की ओळख पटते. कमानीच्या फुगवट्यावर अंगठ्याने जोर देऊन दाबा. अंगठा आत गेला आणि फुगवटा सपाट झाला तर ती गादी, मग तिचा आकार कितीही कमानदार असो. पळताना प्रत्येक पावलावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. जे अंगठ्याने दबतं ते त्या भाराखाली टिकणार नाही. ऑर्थोटिकचा फुगवटा जेमतेम लवतो. मग टाचेची वाटी बघा. गादीत ती नसल्यासारखीच असते. ऑर्थोटिकमध्ये साधारण 10 ते 16 मिलिमीटर खोल, टाचेला दोन्ही बाजूंनी धरणारी. शेवटी वस्तू उलटी करा. टाचेखाली आतल्या बाजूला जाड आणि बाहेर पातळ होत गेलेली पाचर दिसली तर तिला पोस्टिंग म्हणतात. टाचेला किती अंश कलवायचं ते ही पाचर ठरवते. मोजमाप घेऊन केलेल्या ऑर्थोटिकचं कवच बहुधा 3-4 मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचं किंवा कडक ईव्हीए फोमचं असतं, वर पातळ मऊ आवरण.

गादीचं काम सोपं आहे. ती दाब पसरवते. टाचेखालची चरबीची गादी वयाने पातळ झाली असेल, पंजाखाली घट्टे पडले असतील, रोज पेव्हर ब्लॉकवर पळावं लागत असेल, तर तिचा आराम खरा असतो. पण "गादी धक्का खाते म्हणजे स्नायूंचं काम कमी होतं" हा समज बरोबर नाही. पायाखालची जमीन मऊ झाली की पळणारा माणूस नकळत पाय जास्त ताठ ठेवतो आणि कडक झाली की जास्त लवचीक. 1998 साली फेरिस, लुई आणि फार्ली यांनी पृष्ठभाग बदलून हेच दाखवलं. म्हणजे गादीने दिलेलं काही अंशी पाय स्वतःच परत घेतो. 2017 साली बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा धक्का शोषणाऱ्या गाद्यांनी दुखापती कमी झाल्याचं दिसलं नाही. ऑर्थोटिक घालणाऱ्यांत मात्र एकूण दुखापती सुमारे 28 टक्क्यांनी कमी होत्या. त्या चाचण्यांतले बरेचसे लोक सैन्यातले प्रशिक्षणार्थी होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा शनिवार-रविवारच्या धावपटूला लावू नये. पण दोन वस्तू एक नाहीत, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

आता ऑर्थोटिक. सावकाश पळणाऱ्या बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवर टेकते, मग पाऊल आत कलतं, कमान लवते, आणि पंजाने ढकलण्याआधी पाऊल पुन्हा ताठ होतं. हे सगळं पाव सेकंदाच्या आसपास उरकतं. एवढ्या वेळात तीन स्नायू जणू लगाम धरून असतात. नडगीच्या पुढचा टिबिआलिस अँटिरिअर पाऊल धाडकन आपटू देत नाही. पोटरीच्या पोटात, हाडाला चिकटून असलेला टिबिआलिस पोस्टिरिअर आतल्या घोट्यामागून कमानीखाली उतरतो आणि आत कलण्याला ब्रेक लावतो. पायाच्या बाहेरच्या अंगाचा पेरोनिअस लाँगस उलट बाजूने ओढ देतो, शिवाय अंगठ्यामागचं हाड जमिनीवर दाबून धरतो. आतल्या बाजूची पाचर जमिनीचा धक्का टाचेच्या जरा आत सरकवते. मग आत कलवणारा जोर घटतो, आणि तिघांतली कामाची वाटणी बदलते.

वाटणी बदलते म्हणजे सगळ्यांचंच काम कमी होतं असं नाही, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. 1999 साली नावोचेन्स्की आणि ल्युडेविग यांनी हौशी धावपटूंच्या स्नायूंचे विद्युत संकेत ऑर्थोटिकसह आणि ऑर्थोटिकशिवाय मोजले. पाऊल जमिनीवर असण्याच्या पहिल्या अर्ध्या काळात टिबिआलिस अँटिरिअरचा संकेत सरासरी 37.5 टक्क्यांनी वाढला आणि मांडीमागच्या बायसेप्स फिमोरिसचा 11.1 टक्क्यांनी घटला. 2011 साली जर्मनीत बाउर आणि सहकाऱ्यांनी अतिवापराच्या दुखण्याने त्रस्त धावपटूंना 8 आठवडे ऑर्थोटिक दिलं; पेरोनिअस लाँगस पाऊल टेकण्याआधीच अधिक जागा होऊ लागला. याउलट ऑस्ट्रेलियात मर्ली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली सपाट पावलांच्या लोकांवर काम केलं, तेव्हा ऑर्थोटिकने टिबिआलिस पोस्टिरिअरचा संकेत उतरला आणि पेरोनिअस लाँगसचा वाढला. मात्र ते लोक चालत होते, पळत नव्हते, आणि चालण्याचे निष्कर्ष पळण्याला थेट लावता येत नाहीत.

हे आकडे वाचताना ईएमजी (स्नायूंच्या विद्युत संकेतांचा आलेख) काय मोजतो ते ध्यानात असावं. स्नायूला किती विजेचा हुकूम गेला, ते तो सांगतो. स्नायूने किती किलोची ओढ दिली, ते नाही. त्वचेवरचे इलेक्ट्रोड फक्त वरवरचे स्नायू पकडतात. टिबिआलिस पोस्टिरिअर खोल असल्याने त्याच्यासाठी केसासारखी बारीक तार सुईने आत सोडावी लागते, म्हणून धावपटूंवर अशी मोजणी कमीच झाली आहे. शिवाय माणसागणिक उत्तर वेगळं येतं: त्याच पाचरेने एकाचा संकेत चढतो, दुसऱ्याचा उतरतो. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग यांनी यावर मांडलेलं म्हणणं आम्हाला पटतं. त्यांच्या मते सांगाडा आपली पसंतीची वाट धरून चालू पाहतो. आधार त्या वाटेला साथ देत असेल तर स्नायूंचं काम घटतं, वाट अडवत असेल तर वाढतं. पायाला आरामशीर वाटणं याला ते म्हणूनच महत्त्व देतात. म्हणून ऑर्थोटिकमुळे एखाद्या स्नायूचा संकेत वाढला तर "स्नायू मजबूत होतोय" असं समजू नये, आणि "ऑर्थोटिक वाईट आहे" असंही नाही. कदाचित तो नव्या वाटणीशी जुळवून घेत असेल. अंतर न वाढवता दोन-तीन आठवड्यांत थकवा ओसरला तर तो जुळवून घेण्याचा थकवा. वाढत गेला तर कोन चुकला आहे.

कोन चुकला की त्याची खूण ठरलेल्या ठिकाणी उमटते. पाचर जास्त झाली तर वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातं, पेरोनिअस दिवसभर ताणलेला राहतो, बाहेरच्या घोट्यामागे दुखतं आणि खडबडीत कडेवर पाय मुरगळतो. कमान पावलापेक्षा पुढे किंवा उंच बसली तर तळपायाच्या मध्यभागी फोड येतो. गादी फार मऊ आणि जाड असेल तर टाच बुटात डुगडुगते आणि ब्रेक लावणाऱ्या स्नायूंनाच जास्त राबावं लागतं. नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं जाड जेलने वाढलं अशी तक्रार येते ती बहुधा यामुळेच. आणि दोन्हींच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे मूळ गादी न काढता तिच्यावर नवी टाकणं. टाच वर येते, बुटाच्या मागच्या कडेतून सटकते, पुढे नखं घासतात.

बसवताना काढलेली मूळ गादी नव्या वस्तूवर ठेवून पेनाने पुढची कड आखा आणि कात्रीने एका वेळी 2 मिलिमीटरच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही. टाचेकडून कधीच कापू नका, वाटीची जागा सरकते. ऑर्थोटिकचा पहिला दिवस एक तासाचा, तोही घरात. रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण दिवस चालता यायला हवं. त्यानंतरच पळणं: पहिल्यांदा 1-2 किलोमीटर, बाकी जुन्या गादीवर. एका किलोमीटरला एकेक पाय चारशे-पाचशे वेळा टेकतो. 10 किलोमीटरची लांब रन नव्या कोनावर म्हणजे त्याच स्नायूला साडेचार हजार अनोळखी हुकूम. हिवाळ्यातल्या बडोदा मॅरेथॉनच्या तोंडावर नवं ऑर्थोटिक घालून उतरणं म्हणूनच धोक्याचं. निदान सहा आठवडे हातात असावेत.

एक गोष्ट ऑर्थोटिक बनवणाऱ्यालाही पुष्कळदा सांगितली जात नाही: रस्त्याचा उतार. डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून नेहमी उजव्या कडेने पळणाऱ्याचा डावा पाय कायम वरच्या बाजूला पडतो आणि जास्त आत कलतो. एकाच नडगीचं दुखणं असेल तर आधी मैदानावर किंवा बागेच्या सपाट वाटेवर दोन आठवडे पळून पाहा. दुखणं गेलं तर बुटात काहीच घालायला नको.

मोजमाप घेऊन केलेलं ऑर्थोटिक तयार ऑर्थोटिकपेक्षा कितीतरी महाग असतं, पण प्रत्येकाला ते लागतंच असं नाही. तळपायाच्या चिवट पट्ट्याच्या दुखण्यावर, म्हणजे प्लांटर फॅशिआयटिसवर, 2006 साली लँडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी 135 जणांवर केलेल्या चाचणीत तयार आणि मोजमापाचं ऑर्थोटिक सारखंच उपयोगी ठरलं. आमचा कल आधी मध्यम कडक तयार जोडी वापरून बघण्याकडे आहे. दोन पायांत ठळक फरक असेल, कमान फार उंच आणि ताठ असेल, किंवा तयार जोडीने सहा आठवड्यांत काही फरक पडला नसेल, तर मग पावलाचा साचा घेऊन केलेलं. साचा घेताना पूर्ण वजन देऊन उभं केलं तर पसरलेल्या पावलाचाच आकार उतरतो. बसवून किंवा झोपवून, टाच सरळ धरून घेतलेला साचा बरा. ऑर्थोटिस्टची (ऑर्थोटिक बनवणाऱ्याची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे ना, ते विचारावं. जाताना किमान दोनशे-तीनशे किलोमीटर पळालेले जुने बूट, आतल्या गाद्यांसकट, घेऊन जा. झिजलेली कड आणि गादीवरचा काळपट ठसा तुमच्या पायाचं रोजचं वागणं दाखवतो, जे दवाखान्यातल्या चार पावलांत दिसत नाही.

आणि बडोद्याचा उन्हाळा. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेलं ऑर्थोटिक मऊ पडून आकार बदलू शकतं. ईव्हीएचं तर लवकर. पावसाळ्यात भिजलं की बुटातून काढून सावलीत उभं ठेवून वाळवा, हीटरवर किंवा उन्हात नको. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंची जाडी टाचेपाशी चिमटीत धरून तपासा. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त दबलेली लागली तर पाचर संपली आहे, आणि तुमचा टिबिआलिस पोस्टिरिअर पुन्हा एकटा ब्रेक लावतो आहे.