टाकीतलं बुळबुळीत हिरवं: स्पायरोगायरा की सायनोबॅक्टेरिया?

घरच्या फिशटँकमध्ये हिरवं, बुळबुळीत काही पसरायला लागलं असेल, तर औषधाची बाटली आणण्याआधी ते चिमटीत धरून बघा. गोड्या पाण्याच्या टाकीत अशी दोन प्रकरणं हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. एक स्पायरोगायरा, जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं तंतूंचं शेवाळ. दुसरं सायनोबॅक्टेरिया, ज्याला दुकानात ‘ब्लू-ग्रीन अल्गी’ म्हणतात. टाकीत ते बहुधा ऑसिलेटोरिया किंवा त्याचं कुणी भावंड असतं. दोन्ही हिरवी, दोन्ही गिळगिळीत, दोन्हींवर उजेडात ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटतात. उपाय मात्र अगदी वेगळे.

स्पायरोगायराचं नातं झाडांशी आहे. पेशीत केंद्रक असतं आणि मळसूत्री वळणं घेत गेलेली हरितलवकाची पट्टी असते. सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू. त्यांच्यात केंद्रकही नाही, हरितलवकही नाही. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांमुळे. पुढे त्यांच्यातलाच एक दुसऱ्या पेशीच्या पोटात गेला, तिथेच राहिला आणि त्याचं हरितलवक झालं. दोघांचा रंग जुळतो तो या जुन्या नात्यामुळे.

आता चिमटीत काय आलं ते बघा. स्पायरोगायरा ओढला की लांब, बारीक, सुटे तंतू हातात येतात. ते निसरडे असतात, कारण पेशींच्या बाहेर चिकट द्रवाचं आवरण असतं. पण एकेक तंतू वेगळा दिसतो आणि रंग स्वच्छ, पोपटी हिरवा असतो. सायनोबॅक्टेरियाचा थर दुधावरच्या सायीसारखा अखंड निघतो. टोक उचललं की अख्खा पापुद्रा सोलून येतो आणि खालची वाळू किंवा पान मोकळं होतं. रंग गडद, निळसर झाक असलेला. कधी काळपट, कधी तपकिरीसुद्धा. त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देऊ नका.

मग वास घ्या. पापुद्र्याला कुबट, ओल्या मातीचा वास येत असेल तर जवळजवळ खात्री धरा. अनेक सायनोबॅक्टेरिया जिओस्मिन तयार करतात, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही हेच जिओस्मिन असतं. बाहेर इतका हवाहवासा वाटणारा हा वास बंद खोलीतल्या टाकीतून आला की नकोसा होतो. स्पायरोगायराला असा उग्र वास नसतो.

तरीही शंका उरली, तर मला सर्वांत आवडणारी चाचणी करा. थोडा गोळा वाटीभर पाण्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी वितळू द्या. सायनोबॅक्टेरियाच्या पेशी फुटून फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य पाण्यात उतरतं आणि पाणी निळसर होतं. स्पायरोगायरात हे द्रव्यच नाही, त्यामुळे पाणी निळं होत नाही. वाटी मात्र स्वयंपाकघरातली घेऊ नका. काही सायनोबॅक्टेरिया यकृताला घातक विषं बनवतात. म्हणून हात साबणाने धुवा, आणि तोंडाने नळी ओढून सायफन सुरू करायची सवय तर आजच सोडा.

निदान सायनोबॅक्टेरियाचं निघालं, तर टाकीत साचलेली घाण आणि पाण्याचा मंद प्रवाह या दोन गोष्टींकडे आधी बघा. फिल्टरची धार पोचत नाही असा कोपरा आणि काचेला टेकलेली वाळू ही त्यांची आवडती जागा. अनेक जण शेवाळ समजून झाडांचं खत पूर्ण बंद करतात. झाडं लावलेल्या टाकीत नायट्रेट शून्यावर आलं की झाडं उपाशी राहतात आणि हे जिवाणू उलट फोफावतात, असा अनेक शौकिनांचा अनुभव आहे. नायट्रेट दर लिटरला १० ते २० मिलिग्रॅम राहू द्या. जमेल तेवढा थर सायफनने ओढून काढा, निम्मं पाणी बदला आणि टाकी जाड कापडाने झाकून तीन-चार दिवस संपूर्ण अंधार करा. या काळात एअर पंप चालूच हवा, कारण मरणारा थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. अंधार संपला की मेलेला थर काढून पुन्हा पाणी बदला.

काही जण एरिथ्रोमायसिन सुचवतात. ते प्रतिजैविक आहे आणि सायनोबॅक्टेरिया जिवाणू आहेत, त्यामुळे गुण येतो हे खरं. पण माणसांच्या आजारासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध टाकीत ओतून तेच पाणी गटारात सोडणं मला अजिबात पटत नाही. जिवाणूंमध्ये प्रतिकारशक्ती वाढते ती अशानेच. अंधार आणि सफाईने काम होत असताना त्याची गरजही पडत नाही.

स्पायरोगायरावर हे औषध चालवण्यात अर्थच नाही, कारण तो जिवाणू नाही. त्याला झाडांना लागतो तोच उजेड आणि तेच खत लागतं, म्हणून नव्या, भरपूर दिवे लावलेल्या टाकीत तो भराभर वाढतो. जुन्या टूथब्रशवर गुंडाळून रोज काढा, पण तुकडे पाण्यात सुटू देऊ नका. तुटलेल्या प्रत्येक तंतूपासून नवी वाढ होते. दिवा सहा तासांवर आणा, खिडकीचं ऊन अडवा, झपाट्याने वाढणारी झाडं जास्त लावा. अमानो कोळंबी कोवळे तंतू खाते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने तिला याच कामासाठी लोकप्रिय केलं. सायनोबॅक्टेरियाच्या थराला मात्र ती सहसा तोंड लावत नाही. गोगलगायींचंही तेच.

तांबं असलेलं ‘शेवाळनाशक’ दोन्हींसाठी विकलं जातं. टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय असेल तर ते घेऊच नका. शेवाळाच्या आधी त्याच मरतील.