स्वीडनमधील उत्पन्न-विषमता

स्वीडन समतेचा देश म्हणून ओळखला जातो; मात्र तेथील समता मुख्यतः पगारातली आहे, भांडवली उत्पन्नातली (व्याज, लाभांश, शेअर-विक्रीचा नफा यांतली) नव्हे. या फरकाचे मूळ कामगार आणि मालक यांच्यातील जुन्या तडजोडीत सापडते. १९३८ मध्ये स्टॉकहोमजवळच्या साल्टशबाडेन येथे ‘एलओ’ हा कामगारांचा आणि ‘एसएएफ’ हा मालकांचा महासंघ यांनी करार केला आणि वेतनाचे प्रश्न सरकारला मध्ये न घेता आपापसांत सोडवायचे ठरवले.

१९५१ मध्ये येस्टा रेन व रुडॉल्फ माइडनर या कामगार महासंघाच्या अर्थतज्ज्ञांनी एकजुटीच्या वेतनधोरणाची मांडणी केली. कारखाना नफ्यात असो वा तोट्यात, सारख्या कामाला सारखा पगार, हे त्याचे सूत्र. कापडगिरणीच्या मालकाला ‘परवडत नाही’ म्हणून सुटका नव्हती. गिरणी बंद पडलीच, तर कामगाराला नवे काम शिकवून, प्रसंगी बिऱ्हाड हलवण्याचा खर्च देऊन सरकार त्याला भरभराटीच्या उद्योगाकडे पाठवी. पगारांतील तफावत त्यामुळे खूपच घटली. पण ज्या बड्या कंपन्यांना याहून जास्त पगार सहज देता आला असता, त्यांच्याकडे तेवढी रक्कम नफा म्हणून साचत राहिली.

हा नफा कामगारांच्या सामूहिक निधींत वळवावा, अशी सूचना माइडनर यांनी १९७०च्या दशकात केली. कामगार महासंघाशी जवळीक असलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या सरकारने ती हाती घेतली, तेव्हा तिच्याविरोधात ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि एरवी मोर्चांना सामोरे जाणारे मालकच त्यात घोषणा देत चालले. त्याच डिसेंबरात संसदेत चर्चा चालू असताना अर्थमंत्री शेल-उलोफ फेल्ट हे आपल्याच सरकारच्या या योजनेला शिव्या देणाऱ्या ओळी खरडत बसले होते. छायाचित्रकाराने तो कागदच टिपला. निधी आले ते पातळ होऊन, आणि १९९१ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने ते मोडीत काढले.

त्याच वर्षी भांडवली उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर लागू झाला, तर पगारावरील कर उत्पन्नाबरोबर चढता राहिला. वारसा कर २००४ मध्ये खुद्द सोशल डेमोक्रॅट सरकारने रद्द केला. संपत्ती कर २००७ मध्ये उजव्या आघाडीने. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी नीचांकाला असलेली उत्पन्न-विषमता तेव्हापासून बरीच वाढली असून, त्या वाढीत वरच्या थरातील भांडवली उत्पन्नाचा वाटा मोठा आहे.

पगार मात्र अजूनही सामूहिक करारांनीच ठरतात. कायद्याने ठरवलेले किमान वेतन स्वीडनमध्ये नाही, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने किमान वेतनाविषयी निर्देश काढला तेव्हा डेन्मार्कबरोबर स्वीडननेही विरोधात मत दिले.