महिला आधारगृह (नागपूर)

महिला आधारगृह : घर सुटलेल्या वा घराबाहेर काढलेल्या स्त्रीला, मुलाबाळांसह, तिची स्वतंत्र सोय लागेपर्यंत ठेवून घेणारे निवासस्थान. नागपुरात याला सरसकट ‘रैनबसेरा’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. रैनबसेरा (कागदोपत्री ‘शहरी बेघर निवारा’) मूलतः रात्रीच्या आसऱ्यासाठी असतो. आधारगृहात मुक्काम महिन्यावर्षांचा असून जोडीला समुपदेशन, कायदेशीर मदत व कामाचे प्रशिक्षण अपेक्षित असते.

महाराष्ट्रात या कल्पनेचे मूळ बहुधा फुले दांपत्याच्या पुण्यातील बालहत्या प्रतिबंधक गृहापर्यंत नेले जाते. त्याचे साल कुठे 1853, कुठे 1863 दिलेले आढळते. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. मात्र तिथला हेतू मुख्यतः विधवांच्या गुप्त व सुरक्षित बाळंतपणाचा होता. मूल ठेवून जाण्याचीही मुभा होती. विधवेला ठेवून घेऊन, शिकवून पायावर उभे करण्याची योजना पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात (मुंबई, 1889) स्पष्ट दिसते. त्यामुळे आजच्या अर्थाने पूर्वज शोधायचा तर तो तिथे शोधणे सयुक्तिक.

नागपुरात कमलाताई होस्पेट या बालविधवेने 1921 मध्ये मातृ सेवा संघ सुरू केला. ते प्रसूतिगृह होते, आधारगृह नव्हे. दोन्हींची गल्लत टाळावी. जुलै 1942 मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली शहरात भरलेल्या दलित महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीकत्वाला बंदी मागितली. निवाऱ्याच्या इतिहासात ही परिषद सहसा धरत नाहीत. वास्तविक घर सोडायचा हक्कच नसेल तर आधारगृहाचे दार कोण ठोठावणार?

केंद्राची अल्पमुदत निवासगृह योजना 1969 ची, ‘स्वाधार’ 2001-02 ची. पुढे दोन्ही मिळून ‘स्वाधारगृह’ झाले आणि 2022 पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘शक्ती सदन’. पाट्या बदलत गेल्या. ‘सखी’ वन स्टॉप सेंटर या हिंसाग्रस्त स्त्रियांच्या मदत केंद्रातला तात्पुरता आसरा साधारण 5 दिवसांचा. स्वाधारगृहाच्या नियमांत कौटुंबिक हिंसाचारग्रस्त स्त्रीला 1 वर्ष, इतरांना 3 वर्षे, 55 वर्षांवरील स्त्रीला 5 वर्षे अशी कमाल मुदत होती. मुलगी 18 वर्षांपर्यंत आईजवळ राहू शके, मुलगा 8 पर्यंतच. त्यानंतर त्याची रवानगी बालगृहात. म्हणजे आठ वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा घेऊन आलेल्या बाईला दारातच एक मूल वेगळे करावे लागे.

मुलांच्या शाळेचे त्या मानाने सोपे : शिक्षण हक्क कायद्यानुसार (2009) दाखला नाही म्हणून प्राथमिक वर्गातला प्रवेश नाकारता येत नाही.

खरी अडचण मुदत संपताना येते. भाड्याची खोली बघायला गेले की डिपॉझिट, आधार कार्डावरचा पत्ता आणि ‘मिस्टर काय करतात?’ हे तीन प्रश्न ठरलेले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (2005) कलम 19 नुसार न्यायालय प्रतिवादीला पर्यायी घर देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा आदेश देऊ शकते. तसा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो.